ठिणग्यांचे स्पंदन

फुटलेले चाक सरळ जाते. फिरत असताना त्याचा प्रत्येक कण गोल गोल धावत असतो. परंतु ज्या क्षणी त्याला धरून ठेवणारे बंधन तुटते, त्या क्षणी तो वळणे विसरतो आणि समोर जे असेल त्यात घुसतो. आकाशात मात्र याच्या उलट घडते, असे माझ्या पुतणीने मला सांगितले होते. तिथे सरळ कोसळू पाहणारी वस्तूही आधी गोल फिरू लागते. हे दोन्ही प्रकार मला एकाच आठवड्यात समजले. पहिला माझ्या खांद्याला समजला. दुसरा बुद्धीला, तोही अर्धवट.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. शेजारच्या फाउंड्रीतून ओतलेले लोखंडी भाग आमच्याकडे येतात. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडांना पापुद्रे असतात, अंगावर खुंट राहिलेले असतात. ते फिरत्या दगडी चाकावर घासून काढणे, हा आमचा धंदा. भाग चाकाला भिडला की ठिणग्यांचा झोत सुटतो आणि शेडमध्ये असा आक्रोश भरतो की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागते. या आक्रोशात माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आपले सारे तारुण्य घालवले होते. कारखाना त्याचा. मी त्याचा धाकटा भाऊ आणि हाताखालचा माणूस. तिसरा आमचा जुना कारागीर, ज्याला सगळे पैलवान म्हणत. तो इतका किडकिडीत होता की वारा सुटला म्हणजे दादा त्याला खिशात लोखंडाचा तुकडा ठेवायला सांगत असे.

दादाचा राग नाकाच्या शेंड्यावर असे. त्याने भिरकावलेल्या हातोडीचा पोचा आमच्या कपाटाच्या दारावर आजही आहे, आणि त्या हातोडीसमोरून वेळेवर बाजूला झालेला माणूस मीच होतो. तथापि एका बाबतीत त्याचा अधिकार निर्विवाद होता. दगडी चाकाला आत तडा असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चाक यंत्रावर चढवण्यापूर्वी ते मधल्या भोकातून अधांतरी धरतात आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. निर्दोष चाक खणखणीत वाजते. तडकलेले बद्द वाजते. आमच्याकडे ही परीक्षा एखाद्या विधीसारखी होई. सर्व यंत्रे बंद केली जात, आम्ही श्वास रोखून उभे राहत असू, आणि दादा ठोकून निर्णय देई. दुसऱ्या कुणाच्या कानाला तिथे मत नव्हते. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसेही आपली नवी चाके त्याच्यापुढे आणून धरत. दादांनी पास केले, एवढे म्हटले की विषय संपला.

दादाच्या मुलीला आम्ही लहानपणापासून भिंगरी म्हणतो, कारण स्वतःभोवती फिरत फिरत भोवळ येऊन पडेपर्यंत तिचे समाधान होत नसे. ती दूरच्या विद्यापीठात ताऱ्यांचा अभ्यास करते. सुटीत घरी आली की बापलेकीत खटके उडत. मेलेल्या ताऱ्यांची नाडी बघण्यापेक्षा जिवंत माणसांची बघितली असती तर चार लोकांनी आशीर्वाद दिले असते, असे दादा म्हणे. त्यावर वहिनी म्हणत, की या घरात ज्याची नाडी बघायला हवी तो कुणाला मनगट धरू देतो काय.

या खेपेला जेवण उरकल्यावर मीच तिला विचारले की पोरी, तू नेमके बघतेस तरी काय. ती उठली, भांडी घासण्याच्या बेसिनमध्ये पाणी भरले आणि तळाचे बूच उपटले. पाणी गरगरत खाली जाऊ लागले. त्याकडे बोट दाखवत तिने सांगितलेले मी माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडतो. एखादा प्रचंड तारा मरताना त्याचा गाभा आपल्याच भाराने असा चिरडला जातो, की सूर्याहून जड ऐवज एका शहराएवढ्या गोळ्यात कोंबला जातो. त्यास न्यूट्रॉन तारा म्हणतात. शेजारी एखादा जिवंत तारा असेल तर हा मेलेला त्याच्या अंगावरचा वायू ओरबाडून घेतो. तो वायू थेट पडत नाही. गरगरत त्याची एक चकती बनते, थरावर थर घासतात, घासून तापतात, आणि आतल्या कडेशी पोहोचलेला वायू त्या गोळ्याभोवती सेकंदाला शेकडो घिरट्या घालतो. मग तो कोसळतो. त्या कोसळण्याची धग डोळ्यांना न दिसणाऱ्या क्ष-किरणांची असते आणि ती एकसारखी थरथरते, कारण त्या वायूतल्या तप्त गुठळ्या फिरता फिरता कधी झळकतात, कधी मंदावतात. काही वेळा पृष्ठभागावर साचलेला थर एका जागी पेट घेतो आणि वणवा साऱ्या ताऱ्यावर पसरू लागतो. तो पसरेपर्यंत तारा गिरक्या घेतच असतो. पेटलेला डाग समोर येतो, पाठीमागे जातो, पुन्हा समोर येतो. इतक्या लांबून दिसतो तो फक्त एक ठिपका. परंतु त्या ठिपक्याचा उजेड किती वेगाने कमीजास्त होतो ते मोजले, की न दिसणाऱ्या ताऱ्याचे फिरणे कळते.

दादा बेसिनकडे पाठ करून बसला होता. तिने त्याच्यासमोर येऊन पुन्हा थोडक्यात सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ग्राइंडर. घासतं, तापतं, ठिणग्या उडतात. एवढ्यासाठी इतकं शिकायचं?"

भिंगरीला राग आला नाही. ती म्हणाली की बाबा, अगदी बरोबर, उद्या दाखवतेच.

दुसऱ्या दिवशी ती उजेड मोजणारे एक लहानसे उपकरण घेऊन शेडमध्ये आली. वायरने ते लॅपटॉपला जोडले आणि लहान ग्राइंडरच्या ठिणग्यांसमोर धरले. आपल्या डोळ्यांना तो झोत अखंड भासतो. वस्तुतः त्यातही लय असते. उजेड कोणत्या गतीने किती थरथरतो हे दाखवणारी एक सपाट रेघ पडद्यावर होती आणि तिच्यावर एका ठिकाणी छोटासा उंचवटा. त्या उंचवट्याच्या जागेवरून तिने चाकाचा वेग सांगितला. दादाने मोटरच्या पाटीवरचा आकडा बघितला, पुन्हा पडदा बघितला, आणि दुसरे यंत्र सुरू केले. तिथेही आकडा जुळला. पैलवान म्हणाला की मालक, पोरगी आता यंत्राची नाडी बघते, द्या आशीर्वाद. दादा हसला. त्याने तिच्या डोक्यावर आपला काळा पंजा ठेवला आणि तिने तो झटकला नाही. तेवढा अर्धा तास आमच्या शेडमध्ये जे होते त्याला सुख म्हणायला हरकत नव्हती.

मग मोठ्या चाकाची पाळी आली.

हे चाक काही दिवसांपूर्वीच दादाने पास करून चढवले होते. पैलवान त्यावर जड भाग घासत असे. भिंगरीने उपकरण त्या ठिणग्यांसमोर धरले आणि उंचवट्याऐवजी पडद्यावर सुळका उभा राहिला. तिने वायर तपासली, जागा बदलली, सुळका हलला नाही. चहानंतर तिने पुन्हा मोजले; सुळका वाढला होता. तिने यंत्र बंद करायला लावले आणि बापाला म्हणाली, "मला चाकातलं काही कळत नाही. एवढंच दिसतंय की याच्यावर एक जागा बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. ती दर फेऱ्याला समोर येते. आणि सकाळपेक्षा ती आता जास्त वेगळी आहे."

दादाने ते उडवून लावले नाही, हे मी न्यायाने सांगितले पाहिजे. चाक किंचित तिरके बसले असेल, असे तो पुटपुटला. पण त्याने नट सोडले आणि चाक उतरवले. लहान चाक बोटावर पेलता येते. हे इतके जड होते की मी आणि पैलवानाने ते लोखंडी दांड्यावर अडकवून दोन लाकडी घोड्यांच्या, म्हणजे उंच तिवयांच्या, मध्ये टांगले. यंत्रे बंद झाली. शेडमध्ये पत्रे तापल्याची टिकटिक तेवढी उरली. दादाने लाकडी मूठ उचलली आणि ठोकली.

ओल्या मडक्यावर कुणी बोट आपटावे तसा आवाज आला. पैलवानाने मान खाली घातली.

"खणखणीत," दादा म्हणाला.

त्याने दुसऱ्या बाजूने ठोकले. तोच मेलेला आवाज. दादाने समाधानाने मूठ खाली ठेवली आणि चाक पुन्हा चढवा म्हणाला. फाउंड्रीचा ट्रक दुपारी यायचा होता. पैलवान जागचा हलेना, आणि चढवलेल्या चाकासमोर छाती लावून त्यालाच उभे राहायचे होते. शेवटी मी तोंड उघडले.

"दादा, बद्द वाजलं."

त्याने माझ्या कानाखाली असा जाळ काढला की मी घोड्यावर आदळलो आणि टांगलेले चाक डुलू लागले. तोंडात रक्ताची चव आली. माझ्यापुढे शहाणपणा शिकवतोस, या अर्थाचे तो बरेच बोलला. त्यात माझा, माझ्या लायकीचा आणि त्याने मला आजवर पोसल्याचा उद्धार होता. दुसरी थप्पड मी हातावर झेलली. मग त्याने मला ढकलून चाक एकट्याने उचलून यंत्रावर चढवले. माणसाच्या अंगात संताप शिरला म्हणजे बळ कोठून येते देव जाणे.

भिंगरी त्याच्या पाठीमागे उभी होती. तिने बापाला अडवले नाही. शांत शेडमध्ये, नेहमीच्या आवाजात, ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टावर ठिणगी पडलीय."

आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकून जो झटकन अंग झाडत नाही तो माणूस मी पाहिलेला नाही. पैलवानाचा हात आपोआप दादाच्या शर्टाकडे गेला. माझीही नजर गेली. दादा मात्र स्थिरपणे नट आवळत राहिला. पैलवानाचा हात दिसला तेव्हा तो खेकसला, "काय आहे?"

आमच्या तोंडाकडे बघता बघता त्याला काहीतरी उमगले आणि तो मागे वळला. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही."

त्याने बाकावरचा लॅपटॉप हाताच्या एका फटक्यात जमिनीवर उडवला. उपकरण बुटाखाली चिरडले. पुढे जे शब्द त्याने मुलीला उद्देशून वापरले ते मी लिहिणार नाही. वीस गावची माणसे ज्याच्या कानावर विसंबतात त्याला काल उगवलेली पोर बहिरा म्हणते, हे त्याचे सूत्र होते आणि तो ते पुन्हा पुन्हा किंचाळत होता. घाबरट कुत्र्यांनो, असे आम्हाला म्हणून त्याने पैलवानाला गचांडी धरून बाजूला फेकले. चाकापुढे मी स्वतः उभा राहतो, म्हणाला.

चढवलेले चाक आधी मोकळे फिरू द्यावे आणि तोवर त्याच्या समोर कुणी उभे राहू नये, हा नियम आम्हाला त्यानेच शिकवला होता. चाकावरच्या लोखंडी कवचाची समोरची बाजू कामासाठी उघडीच असते. त्या उघड्या तोंडासमोर तो पाय रोवून उभा राहिला. मी त्याचा दंड पकडला. त्याने कोपर माझ्या बरगडीत रुतवले. बटण दाबले गेले. चाकाचा गुरगुराट चढत चढत शिट्टीपर्यंत गेला आणि दादाने लोखंड भिडवले. ठिणग्यांचा लोळ उठला. त्यात एक ठोका होता. आता त्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती; तो माझ्या तळपायांना जमिनीतून जाणवत होता.

भिंगरी भिंतीकडे धावली आणि तिने मुख्य खटका खाली ओढला.

दिवे गेले. मोटर मेली, चाक मात्र आपल्या वेगात फिरत राहिले. दादाने हातातले लोखंड टाकले, मागे वळला आणि ढांगा टाकत मुलीवर चाल करून गेला. त्याला आवरावे म्हणून मी मधे धावलो. त्याचा हात वर गेलेला मी पाहिला. तो खाली आला, तिच्या गालावर बसला, आणि त्याच वेळी चाक फुटले. दोन्ही आवाजांत आधीचा कोणता, हे मला आजही सांगता येत नाही.

कवच फाटून वर वळले. एक तुकडा, दोन वितींएवढा, दादा क्षणापूर्वी जिथे उभा होता तिथून छातीच्या उंचीवरून गेला, घासून ठेवलेल्या भागांचा ढीग उधळून पत्रा फोडून बाहेर पडला. दुसरा छतात गेला. तिसरा खांबावर आपटून उलटला आणि माझ्या उजव्या खांद्यात शिरला. मी गुडघ्यांवर बसलो. खांद्याच्या जागी काहीतरी लाल, ओले, अनोळखी दिसत होते. धुळीत पैलवान ओरडत होता. दादा हात तसाच धरून उभा होता आणि त्याचे तोंड हलत होते, पण आता ऐकू मला येत नव्हते.

इस्पितळात माझे हाड खिळ्यांनी जोडले. दादा रोज येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसे. पहिल्या दिवशी तो काय म्हणाला? तर तिने एकदम बंद केले म्हणून फुटले. मी भिंतीकडे तोंड केले. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. त्यांनी तो असा आपटला की पलीकडच्या खाटेवरचा रोगी उठून बसला.

भिंगरी निघण्यापूर्वी मला भेटून गेली. गालावरचे वळ हिरवे पडले होते. तुझ्यावर हात उगारायला दादा पुढे आला म्हणूनच वाचला, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "काका, हे त्यांना सांगू नका. त्यांना ते बरंच वाटेल."

मी विषय बदलावा म्हणून विचारले की तुझा तारा असा पेटल्यावर फुटून जातो का. तिने मान हलवली. वरचा थर तेवढा जळतो, तारा तसाच राहतो. मग पुन्हा साचत जाते, आणि पुन्हा पेटते. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

ती गेल्यानंतर दादा आला आणि बराच वेळ स्वतःचे बोट चोळत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लहान चाकं बोटाला कळतात."

मी समजलो. कित्येक वर्षे तो चाकाचा आवाज ऐकतच नव्हता. ठोकल्यावर चाकाची थरथर बोटात उतरते, ती तो वाचत होता. आणि जी चाके बोटावर मावत नाहीत, जी दांड्यावर टांगावी लागतात, त्यांच्या बाबतीत तो निव्वळ अंदाज करत होता. मी त्याला विचारले की आजूबाजूच्या शेडमध्ये त्याने पास केलेली अशी मोठी चाके किती ठिकाणी फिरत आहेत. तो बोट चोळतच राहिला. मी डाव्या हाताने त्याची कॉलर धरली, जवळ ओढले, आणि तेच पुन्हा त्याच्या तोंडावर विचारले. त्याने कॉलर सोडवून घेतली आणि तो निघून गेला.

मला घरी सोडले त्याच दिवशी पैलवान धापा टाकत आला. म्हणाला, धाकटे मालक, चला, मालकांचे डोके फिरले. दादा घण घेऊन कारखान्याकारखान्यांतून हिंडत होता. आत शिरायचे, यंत्र बंद करायचे, मोठे चाक उतरवायचे आणि घणाने त्याचे तुकडे करायचे. कारण विचारले की शिव्या. लहान चाकांना तो हात लावत नव्हता. दोन ठिकाणी त्याला लोकांनी बदडले होते. एका भुवईतून रक्त गळत होते, शर्टाची बाही गेली होती. त्याने फोडलेल्या चाकांत चांगलीही होतीच, असे पैलवान म्हणाला. फुटताना काही खणखणीत वाजली.

आम्ही गाठले तेव्हा तो गिअर बनवणाऱ्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये होता. त्यास सगळे गिअरवाला म्हणतात. अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. चाक उतरवून दांड्यावर टांगलेले होते, त्याच्यापुढे गिअरवाला हातात पाना घेऊन उभा होता आणि पहिल्यांदा डोके फोडीन, मग विचार करीन, असे सांगत होता. दादाने घण खांद्यावर घेतला. दोघांपैकी एक आता मरणार, असे मला स्पष्ट दिसले.

"कारण सांग," गिअरवाला म्हणाला. "तूच पास केलंस ना हे? मग कारण सांग, आणि फोड."

दादा त्याच्या ओठांकडे बघत होता. भुवईतले रक्त डोळ्यात उतरत होते, ते त्याने पुसले नाही.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "खूप वर्षं झाली."

शेडमध्ये कामाला असलेली सगळी माणसे तिथेच होती. त्यांनी ते ऐकले. गिअरवाल्याचा पाना खाली आला. दादाने खिशातून लाकडी मूठ काढली, चाकापाशी गेला आणि ठोकले. जुन्या सवयीने निर्णय देण्यासाठी त्याची मान वर झाली. मग ती वळली, आणि तो माझ्या तोंडाकडे बघू लागला.

माझा गाल आपोआप आक्रसला. गळ्यात बांधलेल्या झोळीतला हात छातीशी ओढला गेला.

"बद्द," मी म्हणालो.

त्याने मूठ गिअरवाल्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी घण उचलला आणि घातला. चाक एका घावात दुभंगले, आणि दुभंगलेल्या तोंडाची निम्मी बाजू आतून काळी होती; तडा कधीचाच तिथे होता. गिअरवाला जवळच्या खोक्यावर खाली बसला. त्याच यंत्रावर त्याचा थोरला मुलगा उभा राहत असे.

दादाने पुढच्या शेडचा रस्ता धरला. या वेळी त्याने मागे वळून मला खूण केली, आणि मी येईपर्यंत तो दारात थांबला.